स्वखुशीची दोन पानं

बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, ४ मार्च २०२५

चि. सत्यम यास ताईचा आशीर्वाद.

आम्ही इकडं आपापल्या जागी ठीक आहोत आणि तूही तिकडं मलावीत सुखरूप असशील, असं धरून लिहायला बसले आहे. तुझे दाजी पहिल्या पाळीला गेलेत. वैष्णवीची बारावीची परीक्षा चालू आहे, आज पेपर नाही म्हणून ती आतल्या खोलीत वाचत बसली आहे. माझे दुपारचे डबे गेले. संध्याकाळचे पाचला भरायला घ्यायचे, तोवर वेळ माझा आहे. आईच्या गुडघ्यांची तू दर वेळी चौकशी करतोस. तिचे गुडघे आता दुखत नाहीत. गोळ्या बंद केल्या आहेत.

तुझा निरोप मिळाला. "ताई, दोन पानं लिहून दे. मराठीत चालेल, इंग्रजी मी करतो. तू तुझा हिस्सा मला स्वखुशीनं सोडलास, त्यामागची भावना लिही. वीस तारखेच्या बैठकीत वाचून दाखवायचं आहे." खाली हात जोडल्याचं चित्र. तू इतक्या नम्रपणे विचारलंस याचं मला नवल वाटलं. वैष्णवीची अर्धी राहिलेली वही काढली आणि बसले. दोन पानांत मावेल असं वाटत नाही.

तुझ्या कामाचं मला कौतुक आहे, हे आधी लिहून टाकते. तिकडच्या सरकारनं जमिनीचे कायदे बदलले, बापजाद्यांपासून जी माणसं जमीन कसतात त्यांच्या नावाचा कागद व्हावा म्हणून तुम्ही गावोगाव हिंडता, गावच्या जमीन समितीत निम्म्या बायका बसतात, हे सगळं तू फोनवर सांगतोस ते मी नीट ऐकते. काही भागांत तर जमीन आईकडून लेकीला जाते आणि लग्नानंतर नवराच बायकोच्या गावी राहायला येतो, हे तू किती रंगून सांगितलंस. मी ते तुझ्या दाजींना सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं मी इकडं जन्मलो.

तुझं भाषणही आम्ही पाहिलं. दिवाळीच्या आधी तू पाठवलं होतंस ते. वैष्णवीनं मोबाईल डब्याला टेकवून उभा केला आणि आई, मी, ती, तिघी खाली बसून बघितलं. तुझ्या मागच्या पडद्यावर एक म्हातारी होती, हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद. तू काहीतरी म्हणालास आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैष्णवीनं मराठी करून सांगितलं, ज्या बाईचं नाव जमिनीवर नाही ती आपल्याच घरात पाहुणी असते, असं मामा म्हणतो. आईनं ते दोनदा विचारून घेतलं. मग पदर सारखा करून म्हणाली, "माझ्या साहेबानं आदी मपलं नाव लावलं, मंग जगाला सांगाया निघाला." वैष्णवीनं माझ्याकडं बघितलं. मी भांडी उचलली.

आता भावना लिहिते.

दादा, आपले वडील, गेले ते २०२० च्या उन्हाळ्यात. पडेगावच्या पुढं दौलताबाद रोडला लागून सव्वातीन एकर, विहीर, लिंब आणि लिंबाखालचं तीन खोल्यांचं घर, एवढं ते मागं ठेवून गेले. सातबाऱ्यावर वारस म्हणून तीन नावं लागली, आई, मी आणि तू. दीड वर्ष तशीच होती. मग तुझं मलावीचं ठरलं आणि तू त्या भाऊबीजेला पुण्याहून गाडी घेऊन आलास. मी ओवाळलं. तू ताटात मोरपंखी पैठणी ठेवलीस. आजवर तू मला कधी पैठणी दिली नव्हतीस. मी ती उलगडूनसुद्धा बघितली नाही, कारण मला तेव्हाच कळलं होतं.

सोमवारी सकाळी तू म्हणालास, चला, जरा शहरात जाऊ, नोंदीचं एक काम आहे, मग बाहेरच जेवू. आई पुढं बसली, मी मागं. नोंदणीच्या कचेरीत वकील कागद तयार ठेवून उभा होता. मी बारावी झालेली आहे, सत्यम, आणि कागद मराठीत होता. मी तो दोनदा वाचला. लिहून देणार साळूबाई आणि तनुजा यांनी आपापला संपूर्ण हिस्सा प्रेमापोटी, स्वखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय, कायमचा सोडला आहे. तू तेव्हा खिडकीशी उभा राहून कुणाशी तरी इंग्रजीत फोनवर बोलत होतास. मी सही केली. आईनंही अंगठा लावला. नंतर आपण क्रांती चौकात जेवलो आणि तू आईसाठी वेगळी बिनतिखटाची भाजी सांगितलीस.

सही का केली, हे तुझ्या बैठकीला कळायला हवं. माझ्यावर कुणी हात उगारला नव्हता. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. पण मी वच्छलाआत्याला बघितलं होतं. तिनं आजोबांच्या माघारी हिस्सा मागितला, आणि त्या वर्षापासून आपल्या घरात तिचं नाव निघायचं बंद झालं. ना दिवाळीला बोलावणं, ना लग्नाची पत्रिका. दादा गेले तेव्हा मी म्हटलं, आत्याला फोन करते. तू म्हणालास, "तिला कशाला? तिचा काय संबंध राहिला?" तिला तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाकडून तरी कळलं. ती आली, फाटकाशी उभी राहून रडली आणि पाणी न पिता गेली. आपल्या घरात शिक्षा अशी देतात. मरणाची खबर द्यायची नाही. मी ते बघून सही केली, कारण मला माहेर हवं होतं. हीच ती भावना.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण बैठकीसाठी लिहिते. सात महिन्यांत तू ती सगळी जमीन प्लॉटिंगवाल्या बद्रीनाथला विकलीस. मला मिठाईचा डबा आल्यावर कळलं. फोनवर तू म्हणालास, घर आणि लिंबाखालचे दोन गुंठे वगळलेत, आई मरेपर्यंत तिथंच राहील, खरेदीखतात तसं लिहिलंय. मी आईला तसं सांगितलं. आई म्हणाली, त्याला कळत नाय व्हय, आईला कुठं ठिवायची ते. दीड वर्ष ती खरंच राहिली, कारण बद्रीनाथचा रस्ता मंजूर होत नव्हता. २०२३ च्या डिसेंबरात झाला. तो घरी आला, चपला बाहेर काढून बसला, आईनं केलेला चहा प्याला आणि म्हणाला, "आजी, मी तुमच्या पोराकडूनच घेतलंय. आता पंधरा दिवसांत मोकळं करून द्या."

मी खरेदीखताची नक्कल काढली. विहिरीसह, झाडांसह, बांधकामासह, असं लिहिलं होतं. वगळलेलं काहीच नव्हतं. मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, वकिलाची चूक असेल, बघतो. मग तू तीन आठवडे दौऱ्यावर होतास आणि तिथं नेटवर्क नव्हतं. तेवढ्यात जेसीबी येऊन गेला.

आई माझ्याकडं आली. दोन खोल्या, आम्ही तिघं, वीस डब्यांचा पसारा, त्यात ती. तिला शेगडीशेजारी जागा दिली. सासरच्या घरात आई ठेवलीय म्हणून तुझ्या दाजींनी मला एका शब्दानंही बोलून दाखवलं नाही. मात्र त्यांच्या भावानं विचारलं, ज्याला जमीन दिली त्यानं आई का नाही नेली? मी म्हटलं, तिकडची हवा तिला सोसणार नाही. खोटं बोलायची सवय मला तिथूनच लागली.

दर गुरुवारी आई पडेगावला जायची. आधी छावणीपर्यंत रिक्षा, तिथून दुसरी. घर होतं तिथं आता चौदा नंबरचा प्लॉट आहे, चारी कोपऱ्यांत दगड रोवलेले. ती एका दगडावर बसायची आणि दुपार कलली की परत यायची. कुणाला त्रास नव्हता. या जानेवारीत तिथं नवा वॉचमन आला. त्यानं तिला उठवलं आणि विचारलं, आजी, तुमचं काय आहे इथं? आई म्हणाली, जमीन. तो हसला आणि म्हणाला, कागद आणा, मग बसा.

झालं. त्या दिवसापासून तिनं माझ्यामागं सातबाऱ्याचा धोशा लावला. तिचा पक्का समज होता की त्या सोमवारी तिनं अंगठा लावला तो नाव लावायला. लेकानं जमिनीचं काही केलं असेल तर ते त्याच्या वाट्याचं, आपलं नाव कागदावर आहेच. तिचं एकच, सेतू केंद्रात जा, माझा सातबारा काढ, त्या मेल्या वॉचमनच्या तोंडावर मारते. मी आज जाते, उद्या जाते करत तीन आठवडे काढले. शेवटी सात फेब्रुवारीला, मी पोळ्या लाटत असताना, ती म्हणाली, "सत्यम आसता तर कवाच आणून दिला आसता. तुला मायचं काय पडलंय?"

मी लाटणं खाली ठेवलं.

इथं थांबून मी दोन घोट पाणी प्यायले. वैष्णवी मधे बाहेर येऊन गेली. काय लिहितेस, म्हणून तिनं विचारलं नाही.

मी आईला सांगितलं. हातातलं पीठसुद्धा न झाडता सांगितलं. तुझं नाव कुठंच नाही. त्या दिवशी अंगठा लावलास तो नाव काढायला होता. तुझ्या साहेबानं तुझ्या देखत तुला बेघर केलं आणि वर तुला बिनतिखटाची भाजी खाऊ घातली. हे सगळं मी तिला सांगितलं, आणि खरं लिहायचं तर सांगताना मला बरं वाटत होतं. तीन वर्षं मी त्या वाक्यांची तयारी करत होते. मला तिच्या तोंडून तुझ्यासाठी एक शिवी ऐकायची होती. एकच.

तिनं आपल्या अंगठ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "पर लाव म्हणून तर तू म्हणलीस."

मघाशी मी लिहिलं की आईनंही अंगठा लावला. ते तसं झालं नव्हतं. तुला दिसलं नाही, तू खिडकीशी होतास. कारकुनानं विचारलं, आजी, स्वखुशीनं करताय ना? आई म्हणाली, काय करायचंय? तू लांबूनच म्हणालास, नावं लावायची आहेत, आई. तिनं तुझ्याकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. वाचता येणारी मी होते. तिचा शाईचा अंगठा तसाच वर धरलेला. मी म्हटलं, "लाव, आई." मग तिनं लावला. म्हणजे तिनं तो माझ्या शब्दावर लावला, सत्यम. तू नुसता कागद आणला होतास.

त्यानंतर अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातचं जेवायची, बोलायची नाही. बोलायची ती वैष्णवीशी. पडेगावलाही गेली नाही. रविवारी तुझा फोन आला तेव्हा तिनं तो घेतला आणि तुला म्हणाली, मजेत हाय बाबा, तू तब्येतीला जप. आठव, तू त्या दिवशी तिला उन्हाळ्यात येतो म्हणाला होतास.

आई गेली, सत्यम. मंगळवारी, अठरा फेब्रुवारीला, सकाळी साडेनऊला. मी डबे भरत होते. ती शेगडीशेजारी भिंतीला टेकून बसली होती आणि तशीच बसून राहिली. डॉक्टर म्हणाले, हृदय. आज तिला पंधरावा दिवस.

मागच्या दोन्ही रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी म्हटलं, आई झोपली आहे. पहिल्या वेळी तू म्हणालास, बरं, उठवू नकोस. दुसऱ्या वेळी तू दोन पानांची आठवण केलीस.

मी विसरले नाही किंवा गोंधळात राहून गेलं असंही नाही. अकरापर्यंत पडेगावहून नानासाहेब काका आले. त्यांनी पहिलं तेच विचारलं, सत्यमला कळवलं का? त्यांच्याकडं तुझा जुना नंबर होता. जमिनीच्या व्यवहारानंतर तू गावच्या ग्रुपमधून बाहेर पडलास, तेव्हापासून तुझा पत्ता फक्त माझ्याकडं आहे. मी म्हटलं, मीच बोलते. गॅलरीत गेले, मोबाईल कानाला लावला, मनात शंभरपर्यंत आकडे म्हटले आणि आत आले. काकांना सांगितलं, सत्यम म्हणतो, थांबू नका, त्याची महत्त्वाची बैठक आहे, उरकून घ्या. आणि म्हणतो, अग्नी ताईनंच द्यावा.

काकांचा मुलगा तयार होता. पण तुझा शब्द आला म्हटल्यावर कुणी वाद घातला नाही. तू परदेशात बायकांच्या हक्काचं काम करतोस हे सगळ्यांना माहीत आहे. काका एवढंच म्हणाले, "साहेब माणूस. मायसाठी बी येळ नाय." मग त्यांनीच माझ्या खांद्यावर मडकं दिलं. पडेगावच्या स्मशानात आईला अग्नी मी दिला. दहाव्याला कायगाव टोक्याला गोदावरीत तिच्या अस्थी सोडल्या, सगळ्या. तुझ्यासाठी मूठभरही ठेवल्या नाहीत. तेराव्याला वच्छलाआत्या आली होती. तिला मी स्वतः फोन केला होता.

आता शेवटचं, आणि हे मी काकांनाही सांगितलेलं नाही. जायच्या चार दिवस आधी आईनं वैष्णवीला जवळ बसवून सांगितलं होतं, "सत्यम आल्याबिगर मला हलवू नका. अग्नी त्यानंच द्यायाचा. तुझ्या मायचा हात लागू दिऊ नकं." पोरीनं ते त्याच संध्याकाळी मला सांगितलं. म्हणजे मला माहीत होतं. स्मशानात पोरगी माझ्याकडं बघत होती, सगळ्यांसमोर तोंड उघडते की काय असं वाटलं. नाही उघडलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

आईला तू हवा होतास. सगळं कळल्यानंतरही तूच हवा होतास. माझ्या चुलीशेजारी बसून, माझ्या हातचं खाऊन तिनं तुझी वाट बघितली. ते मला सोसलं नाही. तुला शिक्षा द्यायची म्हणून मी केलं असं मी पंधरा दिवस स्वतःला सांगत होते. आज लिहिताना दिसतंय की त्यातली निम्मी शिक्षा तिला होती.

तुला यावंसं वाटलं तर ये. कुठं येशील ते मात्र मला सांगता येत नाही. घर नाही, अस्थी नाहीत. गावात तू म्हणशील, मला माहीतच नव्हतं, मी असं काही बोललोच नव्हतो. लोक ऐकून घेतील, तुला चहा पाजतील. विश्वास कुणी ठेवणार नाही. मी राजीखुशीनं सही केली नव्हती हे मीही चार ठिकाणी सांगून बघितलं होतं.

पानांचे फोटो मी आत्ता पाठवते, क्रमानं वाच. मूळ कागद उद्या पोस्टानं टाकीन. वीस तारखेला वाचून दाखव. भाषांतर करताना काही गाळू नकोस, त्या प्लॅस्टिकमधला कागद धरलेल्या म्हातारीलाही ऐकव. पाच वाजत आले, मला कणीक मळायची आहे. तुझा फोन मी यापुढं उचलणार नाही.

वरचा सगळा मजकूर मी शुद्धीवर असताना, कुणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीनं लिहून दिला आहे.

लिहून देणार,
तनुजा तात्यासाहेब

साक्षीदार म्हणून वैष्णवीला सही करायला सांगितलं. तिनं सगळी पानं वाचली आणि सही न करता परत दिली.